बंद पडलेली भट्टी आणि कोटींची बाटली: कारुइझावाच्या मागे काय उरलं?

ज्यांना ऐकायला वेळ नसतो, किंवा ज्यांच्या घरात या वेळेला पोरं झोपलेली असतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं शब्दांकन. बोलताना येणारे "म्हणजे", "आपलं ते" थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं ठेवलंय. रेकॉर्डिंग खराडीत माझ्या घरीच झालं, त्यामुळे ऑडिओत अधूनमधून शेजारच्या बांधकामाचा ड्रिल ऐकू येईल. तो कमी करण्याचे सगळे उपाय करून झालेत, त्यामुळे त्याबद्दल आता कुणी मेसेज करू नका!

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुचला. हा आपल्याच भागातला मुलगा. ईऑनमध्ये नोकरी करतो, कंपनीच्या प्रोजेक्टवर दोन वर्षं जपानला राहून आलाय. त्याला कुणीतरी एक योजना दाखवली. चार लाख रुपये भरा, आम्ही तुमच्या नावावर जपानी व्हिस्कीचा साठा घेऊन ठेवतो, दहा वर्षांत पाहा काय होतं ते. सोबत पीडीएफ. त्या पीडीएफच्या पहिल्याच पानावर एका बाटलीचा फोटो, आणि खाली लिहिलेलं की बंद पडलेल्या कारुइझावा डिस्टिलरीची ही बाटली ३,६३,००० पौंडांना विकली गेली. त्याने मला विचारलं, "ताई, आकडा खरा आहे का? आणि खरा असेल तर पैसे घालू का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, आकडा खरा आहे. मार्च २०२० मध्ये सदबीज या लिलाव कंपनीच्या ऑनलाइन लिलावात १९६० साली पिंपात भरलेली, ५२ वर्षं मुरलेली कारुइझावाची बाटली तेवढ्याला गेली. तेव्हाच्या दराने साधारण सव्वातीन ते साडेतीन कोटी रुपये. एका बाटलीचे. खराडीत तेवढ्यात बरे दोन फ्लॅट आले असते, पार्किंगसकट.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र सगळी गोष्ट सांगावी लागेल.

आधी नावाची गंमत. कारुइझावा हे जपानच्या नागानो प्रांतातलं थंड हवेचं ठिकाण. तोक्योच्या लोकांसाठी ते जवळपास आपल्या महाबळेश्वर-माथेरानसारखं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी परदेशी मिशनऱ्यांनी तिथे उन्हाळ्यात राहायला जायला सुरुवात केली, मग श्रीमंतांचे बंगले आले. पण ही डिस्टिलरी कारुइझावात नव्हतीच! ती होती शेजारच्या मियोता नावाच्या गावात, आसामा नावाच्या जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी. नाव घेतलं शेजारच्या प्रसिद्ध गावाचं. वाघोलीतल्या स्कीमला "खराडी अॅनेक्स" म्हणतात ना, तसंच. बिल्डर लोकांच्या आधी जपान्यांना हे सुचलं होतं.

कंपनीचं नाव दाइकोकु बुदोशु. बुदोशु म्हणजे द्राक्षाची दारू, वाइन. म्हणजे मूळची ही वाइन करणारी मंडळी. युद्धानंतर जपानमध्ये व्हिस्कीला मागणी वाढायला लागली, तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी मियोतात व्हिस्कीची भट्टी उभारली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं. भट्टी लहानच. चार तांब्याची भांडी, वर्षाला साधारण दीड लाख लिटरची क्षमता. सनटोरी किंवा निक्का या मोठ्या कंपन्यांपुढे अगदी चिल्लर.

व्हिस्की कशी होते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. जव भिजवायचं, मोड आणायचे, मग वाळवायचं. हे माल्ट. ते दळून गरम पाण्यात कालवलं की गोड पाणी निघतं. त्यात यीस्ट घातलं की आंबतं, साधारण बिअरच्या जवळपासचं काहीतरी तयार होतं. ते तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचं. गाळायचं म्हणजे उकळून वाफ थंड करायची, मोहाची दारू किंवा गोव्यातली काजूची फेणी करतात तसंच. आपल्याकडे "पहिल्या धारेची" म्हणजे एकदम अस्सल, कडक असं म्हणतात. व्हिस्कीवाले मात्र दुसऱ्यांदा गाळताना अगदी सुरुवातीला येणारी धार बाजूला काढतात, कारण त्यात नको ते द्रव्य असतं. शेवटची धारही बाजूला. मधली तेवढी ठेवायची. कुठे तोडायचं, कुठवर घ्यायचं, हा निर्णय भट्टीवरच्या माणसाचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ही मधली धार ओकच्या लाकडी पिंपात भरायची आणि वाट पाहायची. पाण्यासारखी दिसणारी दारू सोनेरी, तांबूस होते ती लाकडामुळे. आणि एकदा बाटलीत भरली की मुरणं थांबलं. बारा वर्षं मुरलेली व्हिस्की तुम्ही कपाटात तीस वर्षं ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. फक्त तुमचं वय वाढतं.

कारुइझावावाल्यांनी दोन-तीन गोष्टी हट्टाने जुन्या पद्धतीच्या ठेवल्या. स्कॉटलंडमधून गोल्डन प्रॉमिस नावाचं जव आणायचे. त्याचं उत्पन्न कमी येतं म्हणून स्कॉटलंडमध्येही बहुतेकांनी ते हळूहळू सोडून दिलं. पिंपं घ्यायचे शेरीची, म्हणजे ज्यात स्पेनची शेरी वाइन ठेवलेली असते अशी. ती महाग. भांडी लहान, त्यामुळे दारू जड आणि दाट चवीची. मियोता साधारण ८५० मीटर उंचीवर, हवा थंड आणि दमट, त्यामुळे मुरणं संथ. या सगळ्यातून जी व्हिस्की निघाली ती खूप ठसकेबाज, असं चाखलेले लोक लिहितात. मी चाखलेली नाही. कोण पाजणार?

पण, आणि हा "पण" पीडीएफमध्ये नसतो, ही ठसकेबाज व्हिस्की त्या काळात कुणी फारशी डोक्यावर घेतली नव्हती. बरीचशी जायची "ओशन" नावाच्या साध्या ब्लेंडमध्ये. ऑफिस सुटल्यावर पाणी घालून प्यायची, रोजची, स्वस्तातली व्हिस्की. १९७६ मध्ये त्यांनी कारुइझावाच्या नावाने सिंगल माल्ट बाजारात आणली, जपानमधल्या अगदी पहिल्या सिंगल माल्टमध्ये तिची गणना होते. तरी कंपनीचं पोट ब्लेंडवरच भरत होतं.

कंपनीचं नावही बदलत गेलं. दाइकोकु बुदोशुची ओशन झाली, १९६२ मध्ये ती सानराकुत मिसळली, १९९० मध्ये सानराकुची मर्शियन झाली. मर्शियनचं मुख्य लक्ष वाइनवर. भट्टीच्या आवारात त्यांनी एक कलासंग्रहालयही चालवलं. म्हणजे व्हिस्कीची ही लहानशी भट्टी मालकाच्या दृष्टीने कोपऱ्यातली, नाव राखायची गोष्ट झाली होती.

आणि मग जपानने व्हिस्की पिणंच सोडलं. १९८३ मध्ये तिथला व्हिस्कीचा खप शिगेला होता. त्यानंतर पंचवीस वर्षं तो घसरतच गेला, पाव हिश्श्याच्याही खाली आला. कारणं बरीच. शोचू ही त्यांची देशी दारू तरुणांत लोकप्रिय झाली, १९८९ मध्ये दारूवरच्या कराची जुनी रचना बदलली, आर्थिक फुगा फुटला. आणि एक कारण मला फार ओळखीचं वाटतं. व्हिस्की ही बाबांची दारू झाली होती. वडील जे पितात ते पोरांना नको असतं. आपल्याकडे बाबांची स्कूटर जशी एका पिढीला नकोशी झाली होती, तसंच.

२००० साल संपलं तेव्हा कारुइझावाची भट्टी विझली. त्याच वर्षी साइतामा प्रांतातल्या हान्यू गावची भट्टीही विझली, तिच्याकडे येतेच. पुढे मर्शियन किरिन या बिअरवाल्या मोठ्या कंपनीच्या हाती गेली. पण भट्टी पुन्हा काही कायमची पेटली नाही. २०११ मध्ये व्हिस्की गाळण्याचा परवाना परत केला गेला.

गोदामात मात्र पिंपं होती. ३६४ पिंपं! ती २०११ मध्ये नंबर वन ड्रिंक्स नावाच्या एका लहान कंपनीने एकरकमी घेतली. जपानी व्हिस्की युरोपात विकण्यासाठी मार्सिन मिलर आणि डेव्हिड क्रॉल या दोघांनी ती २००६ मध्ये काढली होती. त्यांनी आधीही कारुइझावाची काही पिंपं निवडून बाटल्या काढल्या होत्या, त्यामुळे माल काय आहे हे त्यांना नीट माहीत होतं.

आता वेळ बघा. २००८-०९ च्या सुमाराला सनटोरीने हायबॉल, म्हणजे व्हिस्की आणि सोडा, तरुणांच्या गळी उतरवला आणि जपानमध्ये खप पुन्हा वाढायला लागला. २०१४ मध्ये एनएचके वाहिनीवर "मास्सान" ही मालिका आली, निक्काचे संस्थापक मासाताका ताकेत्सुरु आणि त्यांची स्कॉटिश बायको रिता यांच्यावर बेतलेली. त्याच सुमाराला एका नावाजलेल्या इंग्रजी व्हिस्की-मार्गदर्शकाने जपानच्या यामाझाकीला जगातली सर्वोत्तम व्हिस्की ठरवलं. सगळ्या जगाला एकदम जपानी व्हिस्की हवी झाली. आणि जुनी, मुरलेली व्हिस्की जपानकडे नव्हती, कारण मधली वीस वर्षं कुणी गाळलीच नव्हती फारशी. २०१५ मध्ये वीस वर्षांची व्हिस्की विकायची तर ती १९९५ मध्ये गाळलेली असावी लागते. हा असा धंदा आहे की चूक कळायला वीस वर्षं लागतात आणि दुरुस्त करायला आणखी वीस.

अशा वेळी बाजारात कारुइझावाची ती मोजकी पिंपं. १९६० च्या त्या पिंपातून २०१३ मध्ये फक्त ४१ बाटल्या निघाल्या. म्हणजे साधारण २९ लिटर. बाकीची? उडून गेली. पिंपाच्या लाकडातून दर वर्षी थोडी दारू हवेत जाते, स्कॉटलंडमध्ये तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. तिकडच्या थंडीत हा वाटा वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे देवदूत जास्त तहानलेले. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत तो दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो.

जरा हिशोब करू. २०० लिटरचं पिंप. दोन टक्क्यांनी तीस वर्षांनंतर त्यात साधारण १०९ लिटर उरतील. दहा टक्क्यांनी? साडेआठ लिटर. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं, अशा खराडीत कुणी पिंप ठेवून "मुरू दे" म्हणालं तर नातवाला रिकामं लाकूड मिळेल. म्हणून अमृत काय किंवा गोव्याची पॉल जॉन काय, आपल्याकडची सिंगल माल्ट पाच-सात वर्षांतच बाटलीत भरतात. उष्णतेत मुरतेही लवकर आणि उडतेही लवकर. त्यात कमीपणा काही नाही, हवाच वेगळी.

तर मियोताकडे परत. ज्या २०१५ सालाबद्दल मी हे सगळं बोलतेय, त्या एका वर्षात दोन लिलाव झाले. ऑगस्टमध्ये हाँगकाँगला बोनहॅम्सच्या लिलावात १९६० च्या त्याच ४१ बाटल्यांपैकी एक ९,१८,७५० हाँगकाँग डॉलरला गेली. आपले अठ्ठ्याहत्तर लाखांच्या आसपास. त्याच वर्षाच्या शेवटाकडे मियोता गावाने, जागा तेव्हा त्यांच्याकडे आली होती, भट्टीतल्या यंत्रसामग्रीचा लिलाव केला. तांब्याची भांडी, माल्ट दळायची गिरणी, सगळं सामान. ते गेलं साधारण पन्नास लाख येनला. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस लाख रुपये.

एक बाटली अठ्ठ्याहत्तर लाखांना. ती बाटली ज्या भट्टीतून निघाली ती सगळी भट्टी अठ्ठावीस लाखांना. पुढच्या वर्षी इमारती पाडल्या.

मी हे पहिल्यांदा शेजारी-शेजारी मांडलं तेव्हा कॅल्क्युलेटरवर दोनदा तपासलं. कारण "वारसा" हा शब्द आपण ऐकतो तेव्हा असं वाटतं की त्यातलं काहीतरी त्या गावाला, त्या भट्टीवरच्या माणसांना मिळालं असेल. इथे भाव वाढला तो भट्टी बंद झाल्यामुळे. माल आता पुन्हा होणार नाही, हेच त्याचं मोल. आणि ते मोल मिळालं ज्याच्या हातात शेवटी बाटली होती त्याला. १९६० मध्ये ते पिंप भरणाऱ्या माणसाला त्या वर्षीचा पगार मिळाला होता, तेवढाच.

पण कारुइझावाचं मागे उरलेलं दुसरंही काही आहे. मला स्वतःला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी हान्यूची गोष्ट हवी.

हान्यूची भट्टी तोआ शुझो या कंपनीची, अकुतो घराण्याची. हे घराणं १६२५ पासून साके गाळणारं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीपासून! २००० मध्ये त्यांची व्हिस्कीची भट्टी थांबली आणि २००४ मध्ये कंपनीच विकली गेली. नव्या मालकाला व्हिस्कीत रस नव्हता. गोदामात ४०० च्या आसपास पिंपं पडून होती, ती ठरलेल्या मुदतीत हलवा, नाहीतर फेकून देऊ, असा मामला झाला. घराण्यातला मुलगा इचिरो अकुतो गोदाम शोधत फिरला. शेवटी फुकुशिमातल्या सासानोकावा या साकेवाल्यांनी त्याला जागा दिली. त्या पिंपांतून त्याने २००५ ते २०१४ या काळात ५४ प्रकारच्या बाटल्या काढल्या, प्रत्येकीवर पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान. बावन्न पानं आणि दोन जोकर. त्या सगळ्या ५४ बाटल्यांचा पूर्ण संच २०१९ मध्ये हाँगकाँगला सुमारे ९,१७,००० अमेरिकन डॉलरला गेला, साडेसहा कोटी रुपये.

पीडीएफवाले इथे थांबतात. पण इचिरोने त्या बाटल्या विकून काय केलं ते पाहा. त्याला स्वतःची भट्टी काढायची होती, आणि स्वतःच्या हाताने गाळायचा सराव हवा होता. त्यासाठी तो कुठे गेला? कारुइझावाला. बंद पडलेल्या भट्टीत. २००६ मध्ये थोड्या काळासाठी ती भट्टी पुन्हा पेटली आणि तिथले अनुभवी गाळणारे ओसामी उचिबोरी यांच्याकडून तो शिकला. ती मघाशी सांगितलेली मधली धार, कुठे तोडायची, कुठवर घ्यायची, हे कुठल्याही कागदावर पूर्ण लिहिता येत नाही. वास घेऊन, चाखून, शेजारी उभं राहूनच ते कळतं. आजीच्या हातच्या पाकासारखं. एकतारी की दोनतारी हे पुस्तकात असतं, पण बोटांना चिकटल्यावर काय वाटलं पाहिजे ते नसतं.

२००८ मध्ये इचिरोची चिचिबू डिस्टिलरी सुरू झाली. जपानमध्ये त्याआधी कितीतरी वर्षं नवी व्हिस्कीची भट्टी उभीच राहिली नव्हती. चिचिबू चालतेय हे पाहून मग बाकीच्यांना धीर आला, आणि आता तिथे नव्या छोट्या भट्ट्यांचं पीक आलंय. विझलेल्या एका भट्टीवरून दुसरी पेटली, ती अशी.

आणि ते अठ्ठावीस लाखांचं सामान? ते घेतलं गायाफ्लो नावाच्या कंपनीने, शिझुओकात भट्टी काढण्यासाठी. बरंचसं सामान जुनं होऊन गेलं होतं. चार भांड्यांपैकी एकच वापरण्याजोगं निघालं. ते त्यांनी बसवलं आणि त्याला नाव दिलं "के". कारुइझावाचा के. जुनी गिरणीही चालू केली. २०१६ पासून शिझुओकात हे भांडं पुन्हा तापतंय, आणि त्यातून गाळलेल्या व्हिस्कीच्या बाटल्यांवर "के" हे अक्षर असतं. खुद्द नागानोमध्ये तोत्सुका नावाच्या जुन्या साकेवाल्यांनी २०२२ मध्ये कारुइझावाच्याच नावाने नवी भट्टी सुरू केली, जुन्या भट्टीत काम केलेल्या माणसांना बरोबर घेऊन. हान्यूतही २०२१ मध्ये पुन्हा गाळायला सुरुवात झाली.

आता आपल्या श्रोत्याचा दुसरा प्रश्न. पैसे घालू का?

मी गुंतवणूक सल्लागार नाही, पण माझं मत विचारलंस तर, नको रे बाबा. कारण सांगते.

एक तर कारुइझावाला भाव आला तो ती बंद आहे, माल संपत चाललाय आणि बंद होण्याआधीची चाळीस वर्षं कुणीतरी महागाचं जव आणि शेरीची पिंपं वापरून ती केली होती, हे सगळं एकत्र आल्यामुळे. तुला जी विकताहेत ती कुठल्यातरी चालू भट्टीतली, उद्या आणखी होणारी व्हिस्की. फोटो एकाचा, माल दुसऱ्याचा. शिवाय २०२२ नंतर दुर्मीळ व्हिस्कीचे लिलावातले भाव बरेच खाली आलेत. पीडीएफमधला आलेख कुठल्या वर्षी थांबतो ते जरूर बघ.

मग "जपानी" म्हणजे काय? २०२१ पर्यंत परदेशातून आणलेली व्हिस्की जपानमध्ये बाटलीत भरून तिच्यावर जपानी अक्षरं छापली तरी चालायचं. तिथल्या उत्पादक संघटनेने एप्रिल २०२१ पासून नियम केला की जपानी व्हिस्की म्हणायचं तर ती जपानमध्येच गाळलेली आणि तिथेच किमान तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली हवी, आणि मार्च २०२४ पर्यंत सगळ्यांना सवलत दिली. म्हणजे जुन्या बाटलीवरच्या सुंदर चित्रावरून काहीच सिद्ध होत नाही. नकली मालाचं तर विचारूच नका. २०१८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका प्रयोगशाळेने दुर्मीळ म्हणवणाऱ्या ५५ स्कॉच बाटल्या तपासल्या, त्यांतल्या २१ खोट्या किंवा सांगितलेल्या वर्षाच्या नव्हत्या. आणि पिंपातली गुंतवणूक म्हटली तर ब्रिटनमध्ये एकच पिंप अनेक जणांना विकल्याची प्रकरणं उघड झालीत. तू खराडीत, पिंप सात समुद्रापार, तुझ्या हातात एक कागद. त्या गोदामवाल्याने स्वतः तुला लेखी सांगितल्याशिवाय तो कागद म्हणजे नुसता कागद.

शेवटचं, आणि हे आपल्याकडे कुणीच सांगत नाही. समज, खरी बाटली तुझ्या कपाटात आहे. विकणार कशी? महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो आजही लागू आहे. दारू बाळगायला, प्यायलासुद्धा परवाना लागतो, कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, आणि परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुना सोफा विकतात तशी बाटली विकता येत नाही. हाँगकाँगचा लिलाव हाँगकाँगमध्ये होतो, नगर रोडवर नाही.

आवडते म्हणून विमानतळावरून एक बाटली आणली, मित्रांबरोबर बसून संपवली, तर ती गोष्ट वेगळी. तुझ्या बायकोला काय वाटेल ते तू बघ.

बरं, हे सगळं वाचताना माझ्या मनात सारखं एक नाव येत होतं, आणि ते जपानी नव्हतं. आपल्याकडे व्हिस्कीची अशी बंद भट्टी मला माहीत नाही, पण वाइनचा कारखाना आहे. खराडीपासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर, नारायणगावला. तमाशाच्या फडांचं आणि टोमॅटोच्या बाजाराचं नारायणगाव आपल्याला माहीत असतं, पण १९८० च्या दशकात तिथे शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हायडसिक या शॅम्पेन कंपनीचं तंत्रज्ञान आणून फसफसणारी वाइन तयार केली. तिचं नाव "ओमर खय्याम". जुन्नर तालुक्यातली वाइन युरोपात विकली जात होती! सुला वगैरे नावं यायच्या कितीतरी आधी. शातो इंडेज हे नाव तेव्हा भारतीय वाइनचं दुसरं नाव होतं.

पुढे कंपनीने झपाट्याने विस्तार केला, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात कंपन्या घेतल्या, आणि २००८ च्या मंदीत कर्ज अंगावर आलं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. त्याच काळात महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षाला उठाव राहिला नाही आणि अनेक शेतकऱ्यांनी बागा उपटून टाकल्या. खायच्या द्राक्षाची बाग असती तर निदान बाजारात नेता आली असती. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, खायला कुणी घेत नाही.

इथे कुठलंही पिंप कोटींचं झालं नाही, आणि होणारही नव्हतं. वाइन ही व्हिस्कीसारखी नाही, बाटलीत बंद केली तरी ती बदलत राहते, आणि बहुतेक वाइन काही वर्षांत उतरणीला लागतात. म्हणून "ओमर खय्याम"ची जुनी बाटली कुणाच्या माळ्यावर सापडली तरी तिच्यात फार तर आठवण असेल. हाँगकाँगहून कुणी फोन करणार नाही.

पण कारुइझावाचं दुसरं, ते शिकलेल्या हातांचं, इथेही उरलं असणार असं मला फार वाटतं. सह्याद्रीच्या उतारावर शार्दने द्राक्ष कसं लावायचं, आपल्याकडे द्राक्ष पावसाळ्यानंतर छाटून उन्हाळ्याच्या तोंडावर तोडायचं, म्हणजे युरोपच्या पुस्तकाच्या बरोबर उलटं वेळापत्रक कसं सांभाळायचं, बाटलीतला फेस कसा राखायचा, हे शिकलेली माणसं कारखाना बंद झाल्यावर कुठेतरी गेलीच असतील. काही नाशिककडे, काही दुसऱ्या धंद्यात, काही पुन्हा टोमॅटोकडे. फ्रेंच तज्ज्ञाबरोबर काम केलेला एखादा माणूस आज जुन्नरच्या कुठल्यातरी बांधावर बसला असेल, आणि त्याला कुणी काही विचारायला गेलं नसेल.

तर नारायणगाव, जुन्नर, आळेफाटा, ओतूर या भागातून कुणी ऐकत किंवा वाचत असाल, आणि घरात कुणी त्या कारखान्यात काम केलेलं असेल, किंवा तिथे द्राक्षं घातलेली असतील, तर एक व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांची असली तरी चालेल. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. काय शिकलात, पहिल्या बाटलीचं बूच उडालं तेव्हा कोण कोण होतं, पैसे कुठे अडकले, सगळं सांगा. पुरेशा आल्या तर मी माइक घेऊन एका रविवारी तिकडे येते. निदान तिथे ड्रिलचा आवाज तरी नसेल.